बालीत आहोत, बाबांना जुलाब सुरू झालेत - तातडीने सल्ला हवा

चाफेकळी | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, सध्या आम्ही उबुदला आहोत. मी, नवरा, सात वर्षांचा लेक आणि माझे आईबाबा. इथे आत्ता पावणेबारा वाजत आलेत. बाबांना संध्याकाळपासून पातळ जुलाब होतायत, सात-आठ वेळा तरी झाले असतील. एकदा उलटी झाली. पोटात मुरडा येतोय. ताप नाही, रक्त पडत नाहीये. हे मी खोदून खोदून विचारलं, कारण आपणहून ते काही सांगत नाहीत. वय ६८. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन, त्याच गोळीत लघवी होण्याचं औषध आहे. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन.

जवळ इलेक्ट्रालची (ओआरएसची पावडर) मोठी पाकिटं, नॉरफ्लॉक्स-टीझेड या अँटिबायोटिकची पट्टी आणि जुलाब थांबवणारं लोपेरामाइड आहे. बाबा म्हणतात नॉरफ्लॉक्स दे, दोन गोळ्यांत थांबतं, नेहमीचंच आहे. इलेक्ट्रालला हात लावत नाहीत, शुगर वाढेल म्हणून. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणतो, खोलीत नर्स येऊन सलाईन लावते, बोलावू का. आई घाबरलीय. दुपारी रस्त्याकडेला कलिंगडाचा ज्यूस घेतला होता सगळ्यांनी, त्यातूनच झालं असणार.

कुणी डॉक्टर जागे असतील तर कृपया लिहा.

---

स्टेथोस्कोप | ९:२१

चाफेकळी, मी फिजिशियन आहे. पेशंट समोर नसताना जेवढं सांगता येतं तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट इलेक्ट्राल. आत्ता सुरू करा, हा प्रतिसाद पूर्ण वाचायच्या आधी. बाबांना सांगा की एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, म्हणजे एका ग्लासात तीन ग्रॅमसुद्धा नाही. तेवढीच कोला प्यायली तर पोटात वीसएक ग्रॅम साखर जाते. शिवाय ही साखर चवीसाठी घातलेली नाही. आतड्याच्या पेशीत मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जुलाब कितीही होत असले तरी ही वाट बहुतेक वेळा शाबूत राहते. नुसतं पाणी प्यायलं तर त्यातलं बरंचसं तसंच खाली निघून जातं. मधुमेह असलेल्या माणसालाही ओआरएस द्यायचंच. ग्लुकोमीटर आणला असेल तर शुगर तपासत राहा.

देताना ग्लास हातात देऊ नका. उलटी झाली आहे म्हणताय, तर चमच्याने किंवा एकेक घोट, दोन-तीन मिनिटं मध्ये सोडून. पुन्हा उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा, आणखी सावकाश. दर जुलाबामागे साधारण एक ते दोन ग्लास पोटात राहिले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत ही फार महत्त्वाची: त्यांच्या रोजच्या गोळ्या. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना लघवीचं औषध ते आणखी कमी करतं. टेल्मिसार्टन त्या अवस्थेत किडनीवर ताण आणू शकतं. मेटफॉर्मिन साचू शकतं. डापाग्लिफ्लोझिन घेणारा माणूस खात-पीत नसेल आणि उलट्या होत असतील तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि तेव्हा मीटरवर शुगर नॉर्मलसुद्धा दिसते. म्हणून उद्या सकाळच्या गोळ्या देण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. इकडे भारतात आत्ता नऊच वाजलेत, उचलतील. कुठली थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे तेच ठरवतील.

नॉरफ्लॉक्स देऊ नका. सविस्तर नंतर लिहिते.

शेवटची लघवी कधी झाली ते विचारून इथे सांगा.

---

जाकार्तावासी | ९:३४

चाफेकळीताई, मी बरीच वर्षं इंडोनेशियात आहे. डॉक्टरांनी सांगितलंच आहे, मी इथली माहिती देतो.

औषधाच्या दुकानाला इथे 'आपोतेक' म्हणतात. हिरव्या पाटीवर '२४ जाम' लिहिलेलं असेल तर ते रात्रभर उघडं. किमिया फार्मा आणि गार्डियन या साखळ्या बालीत सगळीकडे आहेत. 'ओरालित' मागा, ते इथलं ओआरएस. पण सांभाळा, ओरालितचं एक पाकीट २०० मिलीचं असतं आणि तुमच्या जवळचं मोठं इलेक्ट्राल एक लिटरचं. दोन्हींत गल्लत करू नका.

पाण्याच्या बाटल्याही इथे एक लिटरच्या सहसा मिळत नाहीत. ६०० मिली आणि दीड लिटर, या दोनच मापांच्या सगळीकडे दिसतील. म्हणजे ६०० मिलीच्या बाटलीत ओरालितची तीन पाकिटं. इलेक्ट्राल वापरायचं तर दीड लिटरच्या बाटलीतलं अर्धा लिटर आधी काढून टाका. ६०० मिलीची रिकामी बाटली मानेच्या खालपर्यंत भरली की साधारण अर्धा लिटर होतं. मग उरलेल्या एक लिटरमध्ये अख्खं पाकीट. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात ओतू नका.

हॉटेलवाल्यांना नळाच्या पाण्याबद्दल विचारू नका, ते प्यायचं नाहीच. दात घासायलाही बाटलीचं घ्या.

---

निवांत_काका | ९:४१

बेटा, काळजी करू नकोस. जायफळ आहे का जवळ? सहाणेवर नाही तर खडबडीत बशीच्या बुडावर पाण्यात दोन वळसे उगाळून चाटण दे. आमच्या घरी चार पिढ्या हेच. आणि सुंठ.

---

चाफेकळी | ९:५८

सगळ्यांचे आभार. इलेक्ट्राल सुरू केलंय. जाकार्तावासी, अगदी तसंच केलं, नवऱ्याने बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवलीय. साखरेचा हिशोब बाबांना वाचून दाखवला. आधी ऐकलं नाही, मग 'एका ग्लासात तीन ग्रॅम नाही' हे दोनदा विचारलं आणि घ्यायला लागले. आई चमच्याने देतेय. लघवी संध्याकाळी साडेसहाला झाली होती (इथले), त्यानंतर नाही.

आमच्या डॉक्टरांनी फोन उचलला! लघवीवाली बीपीची गोळी आणि शुगरच्या दोन्ही गोळ्या उद्या द्यायच्या नाहीत, सकाळी बीपी आणि शुगर कळवायची, मग पुढचं सांगतो म्हणाले.

सलाईनचं काय करू?

---

स्टेथोस्कोप | १०:०९

फोन केलात, फार चांगलं झालं.

सलाईन कधी लागतं? तोंडाने घेतलेलं काहीच पोटात ठरत नाही, माणूस गुंगीत आहे, उभं राहिल्यावर भोवळ येते, लघवी थांबलीय, तेव्हा. आणि तेव्हा ते दवाखान्यात लावायचं, हॉटेलच्या खोलीत नाही. ६८ वर्षांच्या, बीपी असलेल्या माणसाला किती सलाईन, किती वेगाने द्यायचं हे तपासून ठरवावं लागतं. बालीत पर्यटकांच्या खोलीवर येऊन सलाईन लावणाऱ्या सेवा खूप आहेत हे मला माहीत आहे. त्यातल्या काही नीटही असतील. पण जो माणूस पिऊ शकतो त्याला प्यायला देणं हाच बरोबर उपचार आहे.

आता वेळेचं बघा. पहाटेपर्यंत लघवी झाली नाही, किंवा पुन्हा पुन्हा उलट्या सुरू झाल्या, १०२ च्या वर ताप आला, शौचात रक्त दिसलं, बोलण्यात गोंधळ वाटला, श्वास जोरजोरात चालायला लागला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. तशी वेळ आली नाही तरीही सकाळी एकदा क्लिनिकमध्ये दाखवाच, बीपी तपासायला.

काका, जायफळाचं चाटण थोडंसं दिलं तर बिघडणार नाही. जास्त मात्र नको, जायफळ जास्त झालं की गरगरतं, धडधडतं, भ्रम होतो, आणि मग दुखणं कशाचं तेच कळत नाही. लहान मुलांना तर अजिबात नको.

---

गडवाट | १०:१५

अवांतर: जायफळाची जन्मभूमी इंडोनेशियातलीच, बांदा बेटं. त्या बेटांसाठी डच आणि इंग्रज भांडले होते.

चाफेकळी, बाबांना लवकर बरं वाटू दे. रात्री अपडेट द्या.

---

मृद्गंध | १०:२६

डॉक्टर, नॉरफ्लॉक्स का नको? प्रवासाला निघताना आमचे केमिस्ट स्वतःहून देतात. घरोघरी तेच असतं.

---

स्टेथोस्कोप | १०:५२

हे नीट लिहायलाच हवं, कारण दर मोसमात असे पेशंट बघते.

प्रवासातले बहुतेक जुलाब दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. ई. कोलाय या जंतूचा एक विषारी प्रकार याला सर्वांत जास्त वेळा कारणीभूत असतो. काही वेळा विषाणू असतात, त्यांच्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. 'दोन गोळ्यांत थांबतं' असं जे वाटतं, ते बहुतेकदा एरवीही थांबणारच होतं.

दुसरं म्हणजे, आग्नेय आशियात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू बऱ्याच वेळा सापडतो आणि नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या घराण्यातल्या औषधांना तो मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. म्हणजे गोळी ज्याच्यावर चालायला हवी त्याच्यावरच चालत नाही. तिकडे खरोखर गरज पडली, ताप आणि रक्त असेल, तर डॉक्टर बहुधा अझिथ्रोमायसिन निवडतात. ते त्यांनी तपासून द्यावं.

आणि त्या गोळीतलं टिनिडाझोल अमीबा, जिआर्डिया या परजीवींसाठी आहे. ते एका रात्रीत असे पाण्यासारखे जुलाब सहसा करत नाहीत. नेम न धरता सगळीकडे गोळ्या झाडण्यासारखं आहे हे. मधल्या मध्ये आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि उरलेले औषधाला सरावतात.

लोपेरामाइड विष नाही. धडधाकट माणसाला, ताप-रक्त नसताना, लांबच्या बसप्रवासापुरतं चालतं. पण ताप किंवा रक्त असेल तर घ्यायचं नाही, आणि लहान मुलांना द्यायचं नाही. जंतू आणि विष आत कोंडून ठेवण्यात काही फायदा नाही. चाफेकळी, तुमच्या बाबांना आज नको.

ज्यूसबद्दल. पोट बिघडलं की आपण शेवटचं खाल्लेलं आठवतो. पण ई. कोलायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच. काही तासांत त्रास झाला आणि उलट्या जास्त असतील तर शिळ्या अन्नातलं विष असू शकतं. म्हणजे दोष त्या कलिंगडाचा असेल, परवाच्या बुफेतल्या सॅलडचा असेल, किंवा निघताना विमानतळावर खाल्लेल्या सँडविचचाही असेल. महत्त्वाचं हे की ज्यूस तुम्ही सगळ्यांनी घेतलाय म्हणून लेकावर लक्ष ठेवा, पण तो ठीक आहे म्हणून हात धुणं सोडू नका. बाबा वापरतात तेच बाथरूम बाकीचे वापरत असतील तर सॅनिटायझरवर भागवू नका, साबणपाण्यानेच धुवा. काही विषाणू सॅनिटायझरने मरत नाहीत.

---

कोथरूडकर | ११:०५

डॉक्टर, आम्ही ते फळांच्या चवीचे ओआरएसचे टेट्रापॅक नेतो. मिसळायची कटकट नाही. ते चालतात ना?

---

स्टेथोस्कोप | ११:१३

नाही. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं हवं. दर लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट, १३.५ ग्रॅम ग्लुकोज. बऱ्याच टेट्रापॅकमध्ये साखर याच्या कित्येक पट आणि मीठ अगदी कमी असायचं. जास्त साखरेने जुलाब वाढतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञांनी कित्येक वर्षं याविरुद्ध लढा दिला आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. घरात जुने पडले असतील तर सरबत म्हणून प्या, जुलाबात नको.

याबाबतीत माझं मन फार हळवं आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, साखर, सोडा पाण्यात कालवून ड्रम भरले आणि नातेवाइकांना सांगितलं, पेलाभरून पाजत राहा. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते साडेतीन टक्क्यांच्या जवळ आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ साली, ते गेल्यानंतर. आपण मात्र अजूनही पट्टीतली गोळी आधी शोधतो आणि पाकीट बॅगेच्या तळाशी राहतं.

पाकीट नसेलच तर: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरचं निपटून काढलेला. मीठ जास्त झालं तर धोका आहे, चव घेऊन बघा, आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं.

---

जाकार्तावासी | ११:२०

आसवांची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चाफेकळीताई, आपोतेकमध्ये तुम्हाला बहुधा 'नोरित' म्हणून काळ्या गोळ्याही देतील, कोळशाच्या. इथे प्रत्येक घरात असतात. आणि फ्रिजमध्ये पोकारी स्वेट नावाचं पेय दिसेल.

---

स्टेथोस्कोप | ११:२६

कोळसा नको. रोजच्या गोळ्याही तो शोषून घेतो आणि शौच काळी होते, मग रक्त पडतंय का ते कळत नाही. पोकारी किंवा शहाळं धडधाकट माणसाला तहानेपुरतं ठीक, ओआरएसच्या जागी नाही. दोन्हींत सोडियम कमी पडतं.

---

चाफेकळी | रविवार, सकाळी ७:४८

सुप्रभात. पहाटे चारला बाबांना लघवी झाली. आई इतक्या आनंदाने मला उठवायला आली! उलटी पुन्हा नाही. रात्रीतून जुलाब तीनदा, आता पाण्यासारखे नाहीत. आत्ताच क्लिनिकमधून आलो. बीपी ११०/७०, एरवी १३०च्या घरात असतं. शुगर १४८. त्यांनी पोट तपासलं, ओआरएस चालू ठेवा म्हणाले, सलाईनची गरज नाही. आमच्या डॉक्टरांना आकडे कळवले, गोळ्या आजही बंदच.

आता भूक लागलीय म्हणतायत. काय देऊ? आम्ही शाकाहारी आहोत. खोलीत फक्त किटली आहे.

---

सुगरण_नाशिक | ८:०४

अगं किती बरं वाटलं वाचून. मऊ भात दे. आपल्या पेजेसारखंच तिकडे काहीतरी नक्की मिळेल. जवळ मेतकूट असेल तर चिमूटभर आणि मीठ. तूप आज नको. केळं चालेल. उपाशी ठेवू नकोस, पूर्वी लंघन करायचे पण त्याने अशक्तपणाच येतो.

---

जाकार्तावासी | ८:१२

मिळतं, 'बुबुर' म्हणतात. पण गाड्यावरचा बुबुर आयाम घेऊ नका, त्यात कोंबडी असते, आणि वरची कोंबडी काढून दिली तरी तांदूळ तिच्या रश्शात शिजलेला असतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात जाऊन सांगा: नुसता तांदूळ, नुसतं पाणी, मीठ. 'बुबुर पोलोस, तान्पा आयाम, तान्पा काल्दु'. काल्दु म्हणजे रस्सा. साधा भात हवा तर 'नासी पुतिह'. तिखट नको, 'तिदाक पेदास'. हे लोक आजारी माणसासाठी मनापासून करतात, संकोच करू नका.

बर्फाचं विचाराल म्हणून सांगतो. मधे भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो बराच भरवशाचा. लादी फोडून केलेला नको. सध्या मात्र 'तान्पा एस', बर्फच नको.

---

स्टेथोस्कोप | ८:३०

सुगरणताईंनी सांगितलं तेच. पेज, मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा. दूध आणि दुधाचा चहा चार-पाच दिवस टाळा, आतड्याच्या अस्तराला दुधातली साखर पचवायची ताकद परत यायला वेळ लागतो. दही मिळालं तर चालेल.

डापाग्लिफ्लोझिन आणि बाकी गोळ्या पुन्हा कधी हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. साधारणपणे माणूस नीट खायला-प्यायला लागल्यावर एक-दोन दिवसांनी सुरू करतात.

एक लक्षात ठेवा, बालीत डेंग्यू असतो. पुढच्या काही दिवसांत ताप चढला तर 'पोटामुळेच असेल' म्हणून थांबू नका, आणि ब्रुफेन देऊ नका, पॅरासिटामॉलच.

---

गडवाट | ८:४१

क्लिनिकची पावती, निदान लिहिलेला कागद, औषधांची बिलं यांचे फोटो आजच काढून ठेवा. प्रवास विम्याच्या कागदावर मदतीचा चोवीस तासांचा नंबर असतो. ॲडमिट करायची वेळ आली तर आधी तिथे फोन, म्हणजे कॅशलेसची सोय ते बघतात. आधीपासूनचे बीपी-शुगर विमा घेताना लिहिले होते ना? नसतील तर पुढच्या वेळी जरूर लिहा, नेमकं तिथेच दावा अडतो.

---

मृद्गंध | ९:१५

याच धाग्यात विचारते. माझी बहीण इजिप्तला जाऊन आली. नाईलच्या क्रूझवर पोट बिघडलं, मग बरं झालं. पण परत येऊन तीन आठवडे होत आले तरी सकाळी दोन-तीनदा पातळ होतं, पोट फुगतं, सडक्या अंड्यासारखे ढेकर येतात, वजन उतरलंय. ताप नाही. ती म्हणते अजून तिकडचं पाणी बाधतंय, होईल हळूहळू.

---

स्टेथोस्कोप | ९:३८

होईल हळूहळू म्हणून थांबू नका. चौदा दिवसांच्या पुढे गेलं की विचार बदलतो. तुम्ही लिहिलेली लक्षणं ऐकून जिआर्डिया पहिला डोक्यात येतो. तो परजीवी आहे, वर लिहिलेलं टिनिडाझोल खरं इथे उपयोगाचं, पण तपासणीनंतर. शौचाची तपासणी करा, शक्यतो वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने, कारण एका नमुन्यात तो निसटतो. लॅबमध्ये जिआर्डिया अँटिजेनची चाचणी होत असेल तर तीही करायला सांगा. नमुना ताजा द्यायचा, आणि त्याआधी तिने स्वतःहून कुठलीही अँटिबायोटिक घेतलेली नसावी. सगळं निर्मळ निघालं तर संसर्गानंतर आतडं काही महिने हळवं राहतं, तसंही असू शकतं, त्याचे उपचार वेगळे.

तिला उद्याच पाठवा, आणि रिपोर्ट आला की इथे टाका.